नाव टाकणं आणि नाव लपवणं

(महाड क्रांतिदिनानिमित्त शोळिंगनल्लूर, चेन्नई इथे जमलेल्या मराठी मित्रमैत्रिणींसमोर केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



गेल्या आठवड्यात आपल्यापैकी एका मित्राचा मला फोन आला. हॉल मिळाला होता, जेवणाचं सांगून झालं होतं, सगळं ठरलं होतं. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "ताई, एक विनंती आहे. कार्यक्रमाचे फोटो कुठे टाकू नका. ऑफिसमध्ये कोणाला माहीत नाही." काय माहीत नाही, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दोघांनाही कळलं होतं.

मी त्याला दोष देणार नाही. मला तो अधिकार नाही. मी पीएचडीसाठी या शहरात आले तेव्हा घर शोधत होते. एका मालकीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "व्हेजिटेरियन का?" मी "हो" म्हटलं. सुकट-बोंबलावर वाढलेली मुलगी मी, पण "हो" म्हटलं. घर मिळालं. बाबासाहेबांची तसबीर मी कपाटात कपड्यांच्या मागे ठेवली, आणि भाडं घ्यायला त्या यायच्या त्या दिवशी कपाटाला कुलूप लावायची. आठ महिने. दिवसा मी एग्मोरच्या अभिलेखागारात बसून जुन्या कायदेमंडळातल्या आपल्या माणसांची भाषणं वाचत होते आणि संध्याकाळी घरी येऊन कुलूप तपासत होते.

म्हणून आज शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट सांगायची आहे. या शहराची आणि आपल्या महाराष्ट्राची. विसाव्या शतकाची पहिली तीस वर्षं म्हटली की शाळेत आपल्याला वंगभंग, टिळक, जालियनवाला आणि असहकार एवढंच शिकवलं. त्याच काळात मद्रास आणि मुंबई इलाख्यांत दुसरी एक उलथापालथ चालू होती. ती आपल्या पुस्तकात आली नाही. आज आपण या हॉलमध्ये बसू शकतो, ते बरंचसं तिच्यामुळे.

सुरुवात नावापासून करते.

१८९३ साली या शहरात एका तरुणाने तमिळ पत्र काढलं. त्याचं नाव रेट्टमलै श्रीनिवासन. पत्राचं नाव त्याने ठेवलं 'परैयन'. हा शब्द त्या काळी शिवी म्हणून वापरला जायचा. इंग्रजांनी तो उचलून आपल्या भाषेत नेला आणि तिथेही त्याचा अर्थ वाळीत टाकलेला माणूस असाच राहिला. श्रीनिवासन यांनी तोच शब्द मथळ्यावर छापला. त्यांचे मेहुणे अयोतिदास पंडितर हे सिद्धवैद्य आणि मोठे विद्वान. त्यांना हे नाव अजिबात मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, हे नाव शत्रूने लादलेलं आहे, आपण या भूमीचे मूळचे लोक आणि मूळचे बौद्ध. १८९८ साली त्यांनी इथे शाक्य बौद्ध संस्था उभी केली आणि १९०७ साली रायपेट्ट्यातून एक पैसा किमतीचं साप्ताहिक सुरू केलं. त्याचं नाव पुढे 'तमिळन' झालं. म्हणजे जे स्वतःला अस्सल तमिळ म्हणवत होते, त्यांनाच त्यांनी सांगितलं की तमिळ आम्ही आहोत. बाबासाहेबांच्या धर्मांतराच्या जवळपास साठ वर्षं आधीची ही गोष्ट. याच चळवळीतले प्रा. पी. लक्ष्मी नरसू यांनी १९०७ साली बौद्ध धम्मावर इंग्रजी ग्रंथ लिहिला आणि १९४८ साली त्याच्या नव्या आवृत्तीला बाबासाहेबांनी प्रस्तावना दिली.

नात्यातलीच दोन माणसं, आणि एकाच प्रश्नाची दोन उत्तरं. एकाने शिवीलाच झेंडा केलं, दुसऱ्याने ती नाकारून नवं नाव घेतलं. आपल्याकडे बघा. १९०८ साली पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' काढलं. तिथेही जुनं नाव बाजूला ठेवून सन्मानाचं नाव घेतलं होतं. १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढलं आणि १९२७ साली 'बहिष्कृत भारत'. बहिष्कृत हा शब्द तर दुसऱ्यांनी आपल्याला दिलेल्या वागणुकीचंच नाव. ते त्यांनी मथळ्यावर घेतलं. १९२२ साली इकडे मद्रासच्या कायदेमंडळात एम. सी. राजा यांच्या प्रयत्नाने सरकारी कागदावरून 'परैयन' आणि 'पंचम' हे शब्द गेले आणि 'आदि द्रविड' आलं.

या सगळ्यांची उत्तरं वेगळी होती, पण एक गोष्ट समान होती. प्रत्येकाने आपलं उत्तर छापून, सभेत उभं राहून सांगितलं. कपाटात ठेवलं नाही.

आता नोकरीकडे वळू. तो आपल्या सगळ्यांचा विषय.

१९१६ च्या डिसेंबरमध्ये पी. त्यागराय चेट्टी यांनी मद्रासमध्ये ब्राह्मणेतरांचा जाहीरनामा काढला. त्यात त्यांनी पदांची मोजदाद मांडली होती. १९१३ साली इलाख्यात १२८ कायम जिल्हा मुन्सफ होते, त्यांपैकी ९३ ब्राह्मण. लोकसंख्येत त्यांचं प्रमाण शेकडा तीनच्या आसपास. पुढच्या वर्षी 'जस्टिस' नावाचं दैनिक निघालं आणि पक्षाला लोक त्याच नावाने ओळखू लागले. १९२० च्या निवडणुकीनंतर हा जस्टिस पक्ष सत्तेवर आला आणि १९२१ साली त्याने सरकारी नेमणुकांतला वाटा जातीजमातींमध्ये विभागण्याचा आदेश काढला. त्याला इथे 'कम्युनल जीओ' म्हणतात.

आपल्याला हे ओळखीचं वाटतं, कारण शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या होत्या. पण एक फरक लक्षात घ्या. शाहूंचा आदेश एका राजाचा होता. मद्रासचा आदेश मतपेटीतून आला. मतदार थोडे होते, मालमत्तेच्या अटी होत्या, तरी तो मतपेटीतून आला.

आणि हा आदेश आपल्यापर्यंत कसा पोचला, तेही ऐका. स्वातंत्र्यानंतर याच मद्रासच्या आदेशाला चंपकम दोराईराजन यांनी आव्हान दिलं. प्रश्न होता मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या जागांचा. १९५१ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या जागांची जातवार वाटणी रद्द केली. त्यावर तमिळनाडूत रान पेटलं, आणि दोन-अडीच महिन्यांत संविधानाची पहिली दुरुस्ती झाली. तिच्यातून कलम १५ (४) आलं. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री होते. तुमच्यापैकी जो कोणी नांदेड, अमरावती, औरंगाबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजात राखीव जागेवर बसला, त्याच्या बाकाची वाट मद्रासवरून गेली आहे. तुम्ही नोकरीसाठी या गावात आलात असं तुम्हाला वाटतं. खरं तर आपला या गावाशी आधीचाच संबंध आहे.

पण हा इतिहास इतका सरळ नाही, आणि मी तो सरळ करून सांगितला तर तुमची फसवणूक होईल.

मद्रासचा १९२७ चा सुधारित आदेश मी वाचला तेव्हा वहीत आकडे लिहून काढले. १२ जागांतल्या ५ ब्राह्मणेतर हिंदूंना, २ ब्राह्मणांना, २ मुसलमानांना, २ ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियनांना. आणि दलितांना १. ज्यांच्या नावाने 'मागास' हा शब्द सगळ्यात मोठ्याने उच्चारला जातो, त्यांना बारावी जागा. तीही भरायला शिकलेला माणूस मिळेल तेव्हा. ज्यांच्या घरी आधीच जमीन आणि शाळा होती, ते लगेच पुढे गेले.

हा तडा खरा दिसला तो गिरणीत. उत्तर मद्रासमध्ये पेरांबूरला बकिंगहॅम आणि कर्नाटिक अशा दोन मोठ्या कापड गिरण्या होत्या. १९१८ साली इथेच मद्रास लेबर युनियन उभी राहिली, देशातल्या पहिल्या संघटित कामगार संघटनांपैकी एक. १९२१ साली मोठा संप झाला आणि महिनोन् महिने चालला. आदि द्रविड कामगारांतले बहुतेक जण त्यात गेले नाहीत, किंवा लवकर कामावर परतले. त्यांना फोडण्यात मालकांचा आणि सरकारचा हात होताच. पण ज्याच्या मागे गावी शेत नाही, ज्याला किराणावाला उधार देत नाही, त्याच्या घरात चूल किती दिवस विझलेली राहू शकते? आणि रोज ज्या सहकाऱ्यांनी त्याला पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला नाही, त्यांनी एके दिवशी "आपण सारे कामगार" म्हटलं तर तो किती विश्वास ठेवेल? पुलियांतोप भागात दंगल झाली, झोपड्या जळल्या, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. जस्टिस पक्षाच्या नेत्यांनी दोष आदि द्रविडांवर आणि त्यांचे लाड करणाऱ्या सरकारी खात्यावर टाकला. सामाजिक न्यायाचा आदेश काढणाऱ्या पक्षाचं हे त्याच वर्षातलं वागणं. एम. सी. राजा दुखावले आणि १९२३ साली आपल्या लोकांना घेऊन त्या पक्षातून बाहेर पडले.

मुंबईतही हेच होतं. गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण धागा तुटला की तोंडाने ओढून जोडावा लागायचा, आणि थुंकी बाटेल. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावलं, आमच्या माणसांना विणकाम खात्यात घेण्याची मागणी यादीत घाला, नाहीतर आम्ही तुमच्याबरोबर नाही. मागणी यादीत आली, पण नाखुशीने.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगते. परवा एका तरुणाने मला म्हटलं, "आमच्या कंपनीत जात नाही, फक्त काम बघतात." असेल. गिरणीतही यंत्राला जात नव्हती. कोणतं खातं कोणाला मिळतं, रेफरन्स कोणाचा चालतो, सोबत जेवायला कोण बसतं आणि डबा उघडल्यावर कोण उठतं, जात तिथे होती.

आता पाणी आणि रस्ता. आजचा दिवस त्याचाच आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला. सरकारी पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालयं, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव मंजूर झाला. पुढच्याच वर्षी, १९२४ साली, मद्रासच्या कायदेमंडळात रेट्टमलै श्रीनिवासन यांनी जवळपास त्याच आशयाचा ठराव मांडला. आफ्रिकेतली नोकरी संपवून ते परत आले होते आणि आमदार झाले होते. सार्वजनिक रस्ते, विहिरी, तळी, कचेऱ्या सगळ्यांना खुल्या. तोही मंजूर झाला आणि १९२५ साली राजपत्रात छापून आला. त्याच सुमारास शेजारच्या त्रावणकोरात वायकोमच्या देवळाभोवतीच्या रस्त्यांसाठी सत्याग्रह चालू होता.

दोन इलाख्यांत दोन ठराव, आणि दोन्ही कागदावर. महाड नगरपालिकेनेही १९२४ च्या जानेवारीत चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. पण तीन वर्षांत एकही अस्पृश्य माणूस त्या तळ्यावर गेला नाही. जाऊ शकला नाही. मग २० मार्च १९२७ रोजी परिषदेला आलेली माणसं रांगेने निघाली आणि बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतलं. परतणाऱ्या लोकांवर लाठ्या पडल्या. तळ्याचं शुद्धीकरण झालं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला तेव्हा न्यायालयाचा मनाई हुकूम आणला गेला. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १९३७ च्या मार्चमध्ये. एका ओंजळीसाठी दहा वर्षं.

महाडच्या तयारीत ब्राह्मणेतर पक्षाच्या जेधे-जवळकरांनी पाठिंबा देऊ केला, पण चळवळीत ब्राह्मण नकोत, ही अट घातली. बाबासाहेबांनी अट नाकारली. आपलं भांडण माणसाशी नाही, ब्राह्मण्याशी आहे, ही त्यांची भूमिका होती. मद्रासमध्ये दलितांना मित्रपक्षाने एकटं पाडलं होतं. महाडात बाबासाहेबांनी पाठिंबा घेताना शर्ती आपल्या ठेवल्या.

१९३० च्या नोव्हेंबरमध्ये लंडनला पहिली गोलमेज परिषद भरली. दलितांचे प्रतिनिधी दोघे, ३९ वर्षांचे बाबासाहेब आणि सत्तरीचे रेट्टमलै श्रीनिवासन. दोघांनी मिळून हक्कांचं निवेदन दिलं. तीच दोन कायदेमंडळं, तेच दोन ठराव, आता एका टेबलाशी बसले होते. पुढे त्यांचंही एकमत राहिलं नाही. बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली तेव्हा श्रीनिवासन यांना ती पटली नाही. एम. सी. राजांनी तर १९३२ साली मुंज्यांशी करार करून संयुक्त मतदारसंघ मान्य केले होते. आपल्या माणसांत मतभेद होते, कडू होते. त्यांना एका रांगेत फोटो लावून हार घालणं सोपं आहे. त्यांचे वाद समजून घेणं अवघड आहे, पण शिकायला तिथेच मिळतं.

शेवटची गोष्ट या जिल्ह्यातली. शोळिंगनल्लूर आज चेन्नईत आहे, पण परवापरवापर्यंत ते चेंगलपट्टू भागातलं खेडं होतं. या जिल्ह्याचे कलेक्टर ट्रेमेनहीर यांनी १८९१ साली इथल्या परैयर शेतमजुरांच्या हालाखीवर अहवाल लिहिला, आणि त्यातून दलितांना देण्याच्या 'पंचमी' जमिनी आल्या. त्यातल्या किती हातातून गेल्या, याचं भांडण अजून चालू आहे. याच चेंगलपट्टूत १९२९ च्या फेब्रुवारीत पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीची पहिली प्रांतिक परिषद भरली. तिथे ठराव झाला की नावापुढची जातीची बिरुदं टाकून द्यायची. पेरियारांनी स्वतः 'नायकर' टाकलं. म्हणून तुमच्या ऑफिसातल्या तमिळ सहकाऱ्याच्या नावाला आडनाव नसतं, बापाच्या नावाचं आद्याक्षर असतं. आडनाव गेलं म्हणून जात गेली नाही. गावात सवर्णांचं 'ऊर' वेगळं आणि दलितांची 'चेरी' वेगळी, हे आजही आहे. तरीही त्या ठरावात ताकद होती, कारण नाव टाकणाऱ्यांत वरच्या जातीची माणसं होती. त्यांनी मिरवायची वस्तू सर्वांसमोर टाकली.

आपण करतो ते वेगळं. आपण नाव टाकत नाही, लपवतो. टाकणं सभेत होतं आणि लपवणं एकट्याने. टाकलेल्या नावाने समोरच्याला विचार करावा लागतो. लपवलेल्या नावाने फक्त आपल्याला झोप लागत नाही.

मी हे म्हणत नाही की उद्या प्रत्येकाने टेबलावर तसबीर ठेवावी. ज्याच्या पगारावर गावचं कर्ज, बहिणीचं शिक्षण आणि आईचं औषध चालतं, त्याने काय जोखीम घ्यावी हे मी भाषणातून सांगणार नाही. श्रीनिवासन यांनाही पोटासाठी आफ्रिकेत नोकरी करावी लागली होती. पण एकट्याने जे जमत नाही ते पंधरा जणांना जमतं. आज आपण इथे पंधरा-वीस जण आहोत. मी तीन गोष्टी मागते.

एक. नवीन पोरगा किंवा पोरगी गावाहून इथे येते तेव्हा घर शोधायला तिच्याबरोबर आपल्यातलं कोणीतरी जावं. "व्हेज का?" हा प्रश्न एकटीला विचारला गेला की ती खोटं बोलते. दोघी असल्या की दुसरं घर शोधायची हिंमत येते.

दोन. कंपनीत भेदभावाची तक्रार कुठे करायची, त्यात जात हा शब्द लिहिलेला आहे का, हे प्रत्येकाने आपापल्या कंपनीच्या कागदात वाचून बघावं. नसेल तर पुढच्या बैठकीत सांगा. कागद पुरेसा नसतो हे महाडने शिकवलं. पण महाडला जाताना हातात बोल्यांचा कागद होता, हेही विसरू नका.

तीन. इथून जवळच पेरुंबाक्कम आणि सेम्मंचेरीच्या वसाहती आहेत. शहरातल्या नदी-कालव्यांच्या काठावरून उठवलेल्या लोकांना तिथे आणून टाकलं, त्यात मोठ्या संख्येने दलित आहेत. तुमच्या ऑफिसची फरशी पुसणाऱ्या कितीतरी बाया तिथूनच येतात. आपल्याला तमिळ येत नाही, पण दहावीच्या गणिताला तमिळ फार लागत नाही. महिन्यातले दोन रविवार कोण देईल, त्याची यादी आज जेवणाआधी करू.

आठ महिन्यांनी मी ते घर सोडलं. नव्या घरात तसबीर बाहेरच्या खोलीत लावली. नवे मालक भाडं घ्यायला आले, फोटोकडे पाहिलं, काही बोलले नाहीत. त्यांच्या मनात काय आलं, मला माहीत नाही. मला एवढंच कळलं की त्या दिवशी मी कुलूप शोधत नव्हते.

आणि मित्रा, तू सांगितल्याप्रमाणे कार्यक्रमाचा एकही फोटो मी टाकणार नाही. मजकूर मात्र माझ्या नावाने छापणार आहे.

जय भीम.